बिनबुडाचा खिसा

सोमवारी सकाळी ढोकीच्या बसस्टँडवर उभं राहून शिवप्रियानं जाहीर केलं, की दुपारच्या गाडीनं आपण परत येऊ आणि येताना अप्पांच्या हातात दाखला असेल. दिव्यांगांच्या हक्कांचा अख्खा कायदा तिनं वाचला होता. नुसता वाचला नव्हता, पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. लातूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. जगात जे काही अडतं ते माणसं नीट वाचत नाहीत म्हणून अडतं, असं तिचं ठाम मत होतं. त्या सोमवारपर्यंत होतं.

घरातला तो शेवटचा साधा दिवस आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार! अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, डब्यात भाकरी-चटणी दिली, पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लागत नाही म्हणून अप्पा तिच्याशी भांडले, आणि बाटली घरीच राहिली.

अप्पा म्हणजे तिचे वडील, महालिंगप्पा. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि गाव त्यांना मास्तर म्हणायचं. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय वाळला होता. पण ही गोष्ट घरात कधी कुणी बोललं नव्हतं. 'त्यांना जरा वेळ लागतो,' एवढंच अव्वा म्हणायची. लंगडा हा शब्द त्या घरात शिव्यांपेक्षाही वाईट होता. शिव्या निदान मशीनचा दोरा तुटला की ऐकू यायच्या.

आणि अप्पांनी तरी तो शब्द वापरायला जागा कुठं ठेवली होती? स्वतःची पँट ते स्वतः बेतायचे. डाव्या पोटरीच्या जागी आतून कॅनव्हास आणि कापूस असा भरायचे, की ती उजवीपेक्षा थोडी उजवीच दिसायची. शिवाय त्यांच्या डाव्या खिशाला बूडच नव्हतं. चालताना हात त्या खिशातून थेट मांडीवर जायचा आणि मांडी मागं दाबून धरायचा. मग गुडघा दगा देत नसे. बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर खिशात हात घालून मजेत फिरायला निघालेत.

पण गेल्या वर्षापासून खुब्यानं असहकार पुकारला होता. घर ते दुकान या वाटेवर अप्पा आता दर टपरीवर थांबून लोकांची खुशाली विचारायचे. मास्तर म्हातारपणी फारच प्रेमळ झालेत, असं गाव म्हणायला लागलं. घरात मात्र कळत होतं, की असंच चाललं तर पुढच्या दिवाळीला दुकानाला कुलूप लागणार. आणि दुकान गेलं तर अप्पा नुसते घरात बसून काय करणार, हा विचार अव्वासुद्धा मोठ्यानं करत नव्हती.

यावर उपाय होता. बॅटरीवर चालणारी तीनचाकी! गावातल्या गोरोबाला सरकारी योजनेतून ती मिळाली होती, हॉर्नसकट. त्या हॉर्नवर अप्पांचा जीव जडला होता. गाडीला चाळीस टक्क्यांचा दाखला लागत होता आणि दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी तपासणीचं शिबिर होतं. शिवप्रियानं आठवडाभर अप्पांना पढवलं. दुखतं ते सांगायचं, झाकायचं नाही, चालायला लावलं तर रोज चालता तसं चालायचं. अप्पा मान डोलवत होते. मान डोलवत ते मशीनवर काय शिवत होते, हे तिनं विचारलं नाही. ती कायदा वाचत होती.

ती नवी पँट होती. खास शिबिरासाठी. एवढ्या मोठ्या डॉक्टरापुढं उभं राहायचं, तर व्यंग दाखवत जायचं? अप्पांच्या पिढीत पाहुण्यांपुढं फाटका टॉवेलसुद्धा कुणी वाळत घालत नसे.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच तिथं लग्न झालं होतं. व्यासपीठावर झेंडूच्या माळा तशाच होत्या आणि पाठीमागं कुलदीप आणि मोनिका यांची नावं थर्माकोलमध्ये चमकत होती. नवरदेवाच्या मखमली खुर्चीत डॉक्टर बसले होते. नवरीच्या खुर्चीत कारकून. आणि तिथं पोचायला पायऱ्या होत्या. कुबड्यावाले, काठीवाले, खुरडत येणारे सगळे त्या पायऱ्यांकडं बघत खाली बसले होते.

शिवप्रियाला एवढं पुरे होतं. पायऱ्यांना उतरण, म्हणजे रॅम्प, नाही? कायद्यात स्पष्ट लिहिलंय! अप्पांना एका खुर्चीत बसवून ती संयोजकांना शोधायला गेली. पहिल्यानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसरा तिसऱ्याकडं, आणि तिसरा नेमका जेवायला गेला होता. तो हात धुऊन येईपर्यंत तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आचाऱ्याला दोन कलमं समजावून सांगितली. तो बिचारा म्हणाला, ताई, बरोबर आहे तुमचं, पण मी वरणाचा माणूस.

इकडं रांग वाकडी झाली होती. प्रेमाबाई नावाच्या आरोग्यसेविका नावं पुकारून दमल्या होत्या. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. सगळ्या हॉलमध्ये त्यांना एकच धडधाकट माणूस दिसला. कडक इस्त्री, खिशात हात, चेहऱ्यावर शांती.

"काका, जरा नावं पुकारता का?"

अप्पांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. यादी हातात घेऊन त्यांनी रांग अशी सरळ केली, की जणू तिला खडूनं आखून घेतलंय. एका आंधळ्या बाईंना पायरीपर्यंत हात दिला. कुबड्या घेऊन आलेल्या एका पोराला, घाई करू नको बाबा, तुझा नंबर कुठं जात न्हाय, असा धीर दिला. आणि मग खणखणीत आवाजात त्यांनी पुढचं नाव वाचलं.

"महालिंगप्पा शिवपुत्र!"

कुणी उठलं नाही. अप्पांनी पुन्हा पुकारलं. हॉलभर नजर फिरवली. असली बेजबाबदार माणसं येतात तरी कशाला, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी यादी प्रेमाबाईंच्या हातात दिली, खिशात हात घातला आणि पायऱ्या चढले. सत्काराला बोलावल्यासारखे.

शिवप्रिया संयोजकाला ओढत हॉलमध्ये आली, तेव्हा अप्पा व्यासपीठावर पोचले होते.

"अप्पा, थांबा, ते उतरण लावणारेत!"

"कशाला भांडतीस बाय," अप्पा वरून म्हणाले, "आलो की मी."

ती धावत वर गेली. डॉक्टर सकाळपासून शंभर पाय बघून थकलेले होते. त्यांनी पँट वर करायला सांगितलं, पण अस्तरामुळं ती घोट्याच्या वर सरकेना. मग त्यांनी कापडावरूनच पोटरी दाबून बघितली. पोटरी चांगली भरलेली निघाली. अप्पांनी कापूस कधी कमी वापरला नव्हता. मग चालून दाखवा म्हणाले. अप्पा झेंडूच्या माळांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. इतकं सुंदर ते कित्येक वर्षांत चालले नव्हते.

"त्रास काय होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय साहेब. तुमच्या कृपेनं ठणठणीत."

शिवप्रिया पुढं झाली. तिनं तोंड उघडलं. सगळी कलमं तिला आठवत होती. हवा होता तो एक साधा शब्द, आणि तो शब्द त्या घरातल्या कुणाच्या जिभेवर कधी आलाच नव्हता. अप्पांच्या तोंडावर तो कसा उच्चारायचा?

"डॉक्टर, त्यांचा पाय जरा... म्हणजे त्यांना जरा..."

"जरा काय?"

"जरा वेळ लागतो."

डॉक्टरांनी तिच्याकडं निरखून बघितलं. जाड चष्मा, घामाघूम चेहरा, वाक्य पुरं होत नाही. मग ते अप्पांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "पेशंट ह्या आहेत का?"

"न्हाय हो," अप्पा हसले. "लेक हाय माझी. एरवी लई बोलती. कायदा तर तोंडपाठ."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कारकुनाला सांगितलं, अपंगत्व आढळत नाही. जाता जाता त्यांनी अप्पांना विचारलं, की पँट कुठं शिवली, फिटिंग छान आहे. अप्पांनी त्यांना दुकानाचा पत्ता दिला.

निर्णयावर अपील करता येतं, हे शिवप्रियानं वाचलेलं होतं. अप्पांना चहाला पाठवून तिनं तिथंच अर्ज लिहिला, प्रेमाबाईंकडं दिला, आणि अप्पांना काही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, काय मास्तर, सवलतीचं द्यायचं का आता? अप्पांनी छाती काढून पुरं तिकीट मागितलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय, काही नाही म्हणाले. तेर येईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. तेरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी अडकली तेव्हा अप्पांनी भाकरी काढली, अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "माझं ऐक, त्या कुबड्यावाल्या पोराला मिळायला पायजे गाडी. लई हाल हायेत त्याचे." तिला हसू आलं, आणि राग असताना हसू आल्याचा आणखी राग आला.

गावात उतरल्यावर अप्पा दर टपरीवर थांबून बातमी सांगत घरी गेले. कुठं ते बातमीसाठी थांबले आणि कुठं खुब्यासाठी, हे तिला ओळखता आलं नाही.

मंगळवारी सकाळी अव्वा चहा घेऊन गेली, तेव्हा अप्पा उठले नाहीत. झोपेतच गेले होते. नवी पँट घडी घालून उशाशी होती.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून, फुलांनी सजवून नेतात. अख्खं गाव मागं होतं. गोरोबा तीनचाकी घेऊन आला होता. वाटभर त्यानं हॉर्नला हात लावला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फोन आला, की अपिलाची फेरतपासणी आहे, अर्जदारानं स्वतः हजर राहावं. शिवप्रियाला जायची गरज नव्हती. फोनवरही सांगता आलं असतं. पण सरकारदरबारी अप्पांबद्दलचा शेवटचा शब्द 'आढळत नाही' असा होता. अप्पांना तो आवडला असता, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिला काय करावं ते सुचत नव्हतं. ती गेली.

तेच कार्यालय, थर्माकोलवर दुसरी नावं. पायऱ्यांच्या बाजूला लाकडी उतरण बसवलेली होती आणि तिच्यावरून एक म्हातारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीतून आरामात वर चालले होते. कारकुनानं कागद काढला आणि अर्जदार कुठं आहेत म्हणून विचारलं. वारले, ती म्हणाली. अपील मागं घ्यायचं तर अर्जदाराची सही लागेल, तो म्हणाला. मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारखा थांबला आणि ओशाळला. प्रेमाबाई मागून पुढं आल्या. नाव वाचून त्यांचा चेहरा बदलला.

"हे रांग लावणारे काका? त्यांना खरंच काही होतं?"

डॉक्टरांनीही मान वर केली. त्यांनी तो कागद स्वतःकडं ओढून घेतला. मग त्यांनी अगदी नीट, सावकाश विचारलं, "ताई, त्यांना नक्की काय होतं?"

हॉलमध्ये माणसं बसलेली होती. शिवप्रियानं आवाज खाली आणला नाही.

"लंगडे होते माझे अप्पा," ती म्हणाली. "लहानपणापासून लंगडायचे. आणि तुमच्यासारख्या डॉक्टरला त्यांनी ते कळू दिलं न्हाय."