उंबरठ्यावरचा पाऊस

पिंपळडोह शहरात हवामानाची जोडणी नगरपरिषद देते, आणि ती चुलीमागे एकच मिळते. नळाची जोडणी घरामागे, विजेची मीटरमागे, हवामानाची चुलीमागे. जोडणीला शहराचं नाव असतं आणि त्या शहराचं नाव घेतलं की लोकांना जे आठवतं तेच हवामान त्यातून येतं. नागपूर घेतलं तर बारा महिने मे. लोणावळा घेतलं तर बारा महिने धुकं आणि ओले टॉवेल. लोक घर घेताना आधी विचारतात, पाणी किती वेळ येतं आणि आधीच्या बिऱ्हाडाकडे कुठलं होतं.

रत्नमाला वैरागडे यांच्याकडे लग्नापासून नागपूर होतं. माहेरही नागपूरचंच, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नसे. खिडकीला कूलर, माठात पन्हं, आणि गच्चीवर कुरडया सकाळी घातल्या की दुपारी डब्यात. शेजारच्या सिंधूताई गावंडांकडे अलिबाग होतं. त्यांचं मीठ कायम ओलं आणि काडेपेटी कायम रुसलेली. त्या पापड वाळवायला वैरागड्यांच्याच गच्चीवर यायच्या.

मनोहरराव पोस्टातून निवृत्त झाले त्याच आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, "रत्ना, मला चिखलदरा हवा."

"जाऊन या की चार दिवस."

"जाऊन नाही. घरात हवा."

रत्नमालाबाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली. मनोहररावांचं लहानपण चिखलदऱ्याला गेलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. पण या घरात हा माणूस इतकी वर्षं घामाघूम बसून जेवला होता आणि एकदाही तक्रार केली नव्हती.

"मग आधी का नाही बोललात?"

"मुलींच्या शाळा होत्या. तुझ्या कुरडया होत्या. आता मला कानटोपी घालून पेपर वाचायचाय, बस."

रत्नमालाबाईंनी रात्री पांघरूण घेऊन बघितलं. घाम आला, पण थंडीची कल्पना काही येईना. थंडीत त्यांचे गुडघे धरतात आणि बोटं वाकत नाहीत, हे मनोहररावांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, "आपण दोन्ही घेऊ."

दोन्ही घ्यायचं म्हणजे दोन चुली हव्यात. आणि वेगळी चूल मांडणं म्हणजे काय, ते पिंपळडोहात काय नि आणखी कुठे काय, सगळ्यांना एकच कळतं.

"या वयात वेगळी चूल?" सिंधूताई गच्चीवर पापड उलटवत म्हणाल्या. "भांडण तरी कशावरून झालं?"

"भांडण नाही हो. हवामानासाठी."

"हो, हो. आमच्या नणंदेनंही असंच काहीतरी सांगितलं होतं. आता ती तिकडे आणि नवरा इकडे."

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं, एवढंच रत्नमालाबाईंच्या मनात आलं.

पुढच्या खोलीत दुसरी शेगडी आली. नगरपरिषदेचा माणूस येऊन चिखलदरा जोडून गेला. संध्याकाळपर्यंत बैठकीत धुकं उतरलं, दिवाणावर दव पडलं आणि मनोहरराव स्वेटर घालून इतके खूष झाले की त्यांनी भिंतीवरच्या घड्याळालाही मफलर गुंडाळला. मागे स्वयंपाकघरात नागपूर होतंच. मधल्या दारातला उंबरठा ही हद्द ठरली.

मग चूल निरीक्षक देवतळे आले. त्यांचं काम दुसरी चूल खरी आहे की फक्त जोडणीसाठी मांडलेली आहे, हे पाहणं. ते सोबत स्वतःचा चमचा आणतात. त्यांनी पुढच्या शेगडीवरचं वरण चाखलं, मागच्या शेगडीवरचं चाखलं, मधे पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा चाखलं.

"बाई, दोन्हीकडे हात एकच आहे."

"भांडी वेगळी आहेत," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"भांडी कोण विचारतंय? गुळाचा खडा दोन्हीकडे सारखाच पडलाय. चुली दोन तर हातही दोन. नाहीतर मी चिखलदरा काढून नेतो."

मनोहरराव कानटोपी सावरत म्हणाले, "काढू नका साहेब. मी शिकतो."

"आणि यांनी मदत करायची नाही. ताटाची देवाणघेवाणही नाही. चूल वेगळी म्हणजे वेगळी."

त्यानंतर घर शांत झालं. मनोहरराव धुक्यात भाकरी थापत. ती तव्यावर पडायच्या आत गारठायची आणि तुटायची. रत्नमालाबाई आपल्या उन्हात उभ्या राहून बघत. पीठ सैल झालंय हे त्यांना तिथूनही दिसायचं. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "गरम पाण्यात मळा ना!"

"सांगू नकोस गं. देवतळ्यांच्या जिभेला कळेल."

मग त्या सांगेनाशा झाल्या. त्या एकट्या जेवत, तेही एकटे जेवत. रत्नमालाबाईंना एकटीपुरती डाळ लावायची सवय नव्हती. कुकर अर्धा उरायचा आणि ती डाळ संध्याकाळी सिंधूताईंकडे जायची. "आता काय, रोजचंच," सिंधूताई पातेलं घेताना म्हणायच्या, तेव्हा रत्नमालाबाईंना डाळ परत घेऊन जावीशी वाटायची.

मनोहरराव वाळले. चिखलदरा मिळाला होता, पण पेपर हातात नुसता धरलेला असायचा. एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"रत्ना, तुझ्याकडचं लिंबाचं लोणचं चाललं असतं का गं?"

"देवाणघेवाण चालत नाही."

"ताटाची नाही चालत. मी फोड मागतोय."

रत्नमालाबाई फोड घेऊन उंबरठ्यापाशी आल्या. ते पलीकडून आले. त्यांचा हात गार, यांचा हात तापलेला. फोड या हातातून त्या हातात गेली, आणि तरी दोघेही तिथून हलले नाहीत. ती कशी मुरली आहे यावर मनोहरराव बराच वेळ बोलत राहिले. तेवढ्यात उंबरठ्याच्या वर एक ढग धरला आणि पाऊस पडू लागला. बारीकच, पण नेमका उंबरठ्याच्या रुंदीचा.

दुसऱ्या दिवशी ते मीठ मागायला आले. नंतर त्या वर्तमानपत्राची पुरवणी मागायला गेल्या. गार आणि गरम हवा दारात जितका वेळ थांबे तितका पाऊस पडे. उंबरठ्याच्या फटीत गवत उगवलं. सिंधूताईंनी ते मधल्या वेळी येऊन पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, "आमच्या नणंदेकडे असं काही नव्हतं झालं." मग त्यांनी डाळ न्यायचं बंद केलं.

देवतळे छत्री घेऊनच आले.

"विनाजोडणी पाऊस आहे," त्यांनी वर पाहून सांगितलं. "कुठल्या शहराचा?"

"कुठल्याच नाही," मनोहरराव म्हणाले. "इथलाच आहे."

"इथलं असं हवामान नसतं. पिंपळडोहला स्वतःचं काहीच नाही. हा बंद करा, म्हणजे दार भिंत घालून बुजवा. दोन चुलींच्या मधे भिंत असावी असं तसंही नियमात आहे. मी इतके दिवस बोललो नव्हतो."

रत्नमालाबाईंनी मनोहररावांकडे पाहिलं. ते कानटोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांचं डोकं भिजत होतं.

"नका घालू भिंत," ते म्हणाले. "चिखलदरा काढून न्या साहेब. मी घामात जेवेन. जेवलोच आहे की आजपर्यंत."

रत्नमालाबाई पदर खोचून पुढे आल्या.

"थांबा हो. साहेब, हवामान चुलीमागे एक, हे खरं ना?"

"खरं."

"मग या पावसामागे चूल असली तर?"

देवतळ्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "चूल असली तर प्रश्न नाही. पण दोन माणसांना तीन चुली?"

"माणसं किती हवीत असं कुठे आहे?"

"तसं नाही कुठे," ते विचार करून म्हणाले. "पण तिन्ही पेटल्या पाहिजेत. आणि तिन्हीचा हात वेगळा पाहिजे. तिसरा हात कुठून आणाल?"

रत्नमालाबाईंनी माळ्यावरून कोळशाची जुनी शेगडी काढली आणि उंबरठ्यावर ठेवली. मनोहररावांनी वर छत्री धरली. त्यांनी डाळ घातली, यांनी पाणी. त्यांनी हिंग टाकला, यांनी गुळाचा खडा टाकला, पण तो मनोहररावांनी अर्धा तोडून काढून घेतला. "किती गोड करतेस गं!" ते म्हणाले. "इतकी वर्षं सांगायचं राहिलं."

"आणि किती हिंग तो! शेजारी वास जाईल."

देवतळ्यांनी चमचा काढला. चाखलं. पाण्याचा घोट घेतला, पुन्हा चाखलं. मग पाटावर बसून वाटी पुढे केली. वाटी संपल्यावर म्हणाले, "हा हात मी आधी कुठे चाखलेला नाही," आणि मंजुरी देऊन गेले.

आता सकाळी मनोहरराव चिखलदऱ्यात आपला चहा करतात, आल्याचा. रत्नमालाबाई नागपुरात आपला करतात, बिनआल्याचा. त्याने त्या दोन चुलींचं काम होतं. बाकीचा स्वयंपाक उंबरठ्यावर. उंबरठ्यावर बसून जेवू नये असं रत्नमालाबाईंना आईने लहानपणी शिकवलं होतं, म्हणून त्या आपला पाट अर्धी वीत नागपूरकडे सरकवतात आणि मनोहररावांचा अर्धी वीत चिखलदऱ्याकडे. हात मधे पोचतात.

जेवताना वरणात थोडं पाणी पडतंच. त्यासाठी त्या डाळ जरा घट्ट ठेवतात.