उद्या जाणाऱ्या वनीआत्या

वनीआत्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. तो शेवटपर्यंत रिकामाच राहिला. सकाळी अंघोळीला जाताना त्या दाराशी ठेवलेल्या आपल्या पिशवीतून लुगडं काढायच्या आणि संध्याकाळी दोरीवरचं वाळलेलं लुगडं घडी घालून परत त्याच पिशवीत ठेवायच्या. "आत्या, कप्पा आहे ना," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"कशाला गो पसारा? आपण उद्या चाललो."

हा उद्या दोन हजार अठराच्या जूनमध्ये सुरू झाला. त्यानंतर पाऊस झाला, गणपती झाले, दिवाळी झाली, पण उद्या काही उजाडला नाही.

वनीआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, नितीनची, सख्खी आत्या. राहणार धाकटी डहाणू. उभा जन्म डहाणूच्या बाजारात मासे विकण्यात गेला. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गुडघ्यांनी दगा दिला तशी डोक्यावरची पाटी उतरली, आणि नेमकी त्याच सुमारास माझी बाळंतपणाची रजा संपली. मी तलासरीला सरकारी कचेरीत कारकून, नितीन हद्दीपलीकडे गुजरातेत उंबरगावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. मुक्ता नुकतीच पहिलीत गेलेली, ईशान सहा महिन्यांचा. मुलांना सांभाळायला ठरवलेली बाई स्वतःचं लग्न ठरलं म्हणून निघून गेली. नितीनने आत्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "चार दिवस येते. तोवर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई आम्ही बघितली. एक सोडून तीन बघितल्या. पहिलीचे हात थंड आहेत, पोराला सर्दी होईल, असं आत्यांचं म्हणणं पडलं. दुसरी पोरापेक्षा टीव्हीकडे जास्त बघत होती. तिसरीत काही खोट सापडेना तेव्हा आत्या शेवटी म्हणाल्या, "फार गोड बोलते. नको." चौथी बघायचा आम्हाला धीर झाला नाही.

आत्यांच्या भाषा तीन. भांडायची घरची मांगेली, चारचौघांत बोलायची मराठी आणि भाव करायची गुजराती. भाव म्हणजे फक्त बाजारातला नव्हे. ईशानला लस टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस थोडा ताप येईल, घाबरू नका."

"एक दिवस करो ने, डॉक्टर," आत्या म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होते, पण बाजारात वाढलेले असावेत. ते म्हणाले, "बरं आजी, दीड." आत्यांना सौदा पटला. ताप मात्र दोन दिवस राहिला आणि आत्यांनी त्या डॉक्टरांचं नाव शब्दाला न जागणारा माणूस म्हणून घेतलं ते कायमचं.

अंगणवाडीत ईशानचं वजन करायला नेलं की त्या आधी त्याला दोन्ही हातांवर तोलून आकडा सांगायच्या. काट्याचा आकडा नेहमी कमी यायचा. असं झालं की त्या सेविकेकडे समजूतदारपणे बघत म्हणायच्या, "काटा मारतेस. चालायचंच, आम्हीपण मारायचो."

मुलांचं कौतुक करणं मात्र त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ईशानला त्या 'चोर' म्हणायच्या, कारण तो त्यांची झोप चोरायचा. मुक्ताला 'वकीलबाई'. कोणी शेजारीण म्हणाली की किती गोड आहेत हो मुलं, तर आत्या लगेच, "दिसायला गोड. एक दिवस ठेवून बघा." कौतुक करायचं ते फक्त धाकट्या डहाणूचं, जिथे त्या महिन्यातून एका रविवारी घर झाडायला जाऊन यायच्या. तिथला वारा, तिथलं पाणी, तिथली ताजी कोळंबी. तलासरीला समुद्र नाही ही गोष्ट त्यांना कधी मान्यच झाली नाही. "इथं माणसं राहतात ती कशाला?" असं त्या मनापासून विचारायच्या.

मुक्ताच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं तेव्हा माझ्या कचेरीत तपासणी होती आणि नितीनची सकाळची शिफ्ट होती. आत्या गेल्या. बाईंनी तक्रार केली की मुक्ता वर्गात फार बोलते. आत्या म्हणाल्या, "बोलणाऱ्या बाईचाच माल खपतो." त्यानंतर पापलेट ताजं कसं ओळखायचं यावर त्यांनी बाईंचा वर्ग घेतला. संध्याकाळी मला बाईंचा फोन आला. मला वाटलं, तक्रार असेल. त्यांना विचारायचं होतं की आजी पुन्हा कधी येणार आहेत.

मग शाळेत वेशभूषा स्पर्धा आली. बाकीच्या आयांनी आपापल्या मुलांना परी, सैनिक आणि झाड केलं. मला काही सुचवायला सवड मिळण्याआधीच आत्यांनी मुक्ताला लुगडं नेसवलं, डोक्यावर लहानशी पाटी दिली आणि ती कोळीण झाली. इथवर ठीक होतं. पण पाटीत कागदाचे मासे ठेवायला आत्या तयार नव्हत्या. "खोटा माल घेऊन माझी पोर उभी राहणार नाही," त्या म्हणाल्या आणि सकाळच्या पहिल्या जीपने डहाणूहून खरीखुरी मांदेली मागवून घेतली. मुक्ताची पाळी शेवटची होती. पंखे मंद, हॉल भरलेला. तिची पाळी येईपर्यंत पुढच्या दोन रांगा मागे जाऊन बसल्या होत्या. मुक्ताला बक्षीस मिळालं नाही, पण मासे सगळे खपले. दोन शिक्षिकांनी घेतले आणि उरलेले परीक्षकांनी.

घरात याचा परिणाम असा झाला की मुक्ता प्रत्येक घासाचा भाव करायला लागली. मी म्हणायचे पाच घास, ती म्हणायची दोन. मी रडकुंडीला यायचे. आत्या भिंतीला टेकून, पाय पसरून तिला इशारे करायच्या. कोणाच्या बाजूने, ते मला कधी कळलं नाही.

त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. आमच्या भागात सगळ्यांना तो हिवाळा आठवत असेल. आधी नुसती भांडी वाजायची. पहिल्यांदा वाजली तेव्हा आत्यांना वाटलं, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कपाट सरकवतायत. त्या कमरेला पदर खोचून भांडायला जिन्याकडे निघाल्या, आणि वरचे गृहस्थ अंगावर टॉवेल गुंडाळून जिना उतरत होते. "कपाट राहू दे, आधी कपडे घाला," आत्या म्हणाल्या. भूकंप होता हे त्यांना नंतर कळलं.

मग ते नित्याचंच झालं. गावागावात लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या. मुक्ताचा वर्ग झाडाखाली भरायला लागला. नितीनने कपाटं भिंतीला खिळ्यांनी ठोकली. आत्या म्हणायच्या, "आपल्याला काय, आपण उद्या चाललो," पण हल्ली हे म्हणताना त्यांचं लक्ष ईशानकडे असायचं. तो आता चालायला लागला होता आणि जमीन हलते की आपणच पडतो यातला फरक त्याला ठाऊक नव्हता.

एका दुपारी मोठा धक्का बसला. कचेरीतली आम्ही सगळी माणसं रस्त्यावर आलो. फोन लागेना. मी चपला हातात घेऊन घराकडे पळत सुटले. दार सताड उघडं, ओट्यावर कुकर शिट्ट्या मारतोय, आणि आत कोणी नाही. मी गॅस बंद केला आणि मुलांच्या नावाने हाका मारत बाहेर आले. समोरचे दुकानदार म्हणाले, "आजी शाळेकडे गेल्या. बाळ कडेवर होतं." मी म्हटलं, त्यांना तर दारापुढच्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत. ते म्हणाले, "अहो, पळत गेल्या."

शाळेच्या मागे भात कापून झालेलं मोकळं शेत होतं. त्याच्या बरोब्बर मध्ये, जिथे कुठलीच भिंत किंवा झाड पडून पोहोचणार नाही अशा जागी, आत्या बसल्या होत्या. ईशान मांडीवर झोपलेला. मुक्ता त्यांना चिकटून बसलेली, एक हात त्यांच्या पदरात गुंडाळलेला. मी त्यांच्यासमोर तशीच खाली बसले.

"कुकर बंद केलास?" आत्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"किती शिट्ट्या झाल्या? डाळीचा लगदा झाला असेल." मग त्या म्हणाल्या, "आता मला उठव. मला उठता येत नाही."

त्यांना घरी आणायला आम्हाला खुर्ची न्यावी लागली. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. त्या संध्याकाळी नितीन म्हणाला, "आत्ये, तू मुलांना घेऊन डहाणूला जा. तिकडे धक्के कमी आहेत. आम्ही सुट्टीला येऊ." मला वाटलं होतं की त्यांचा चेहरा खुलेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नितीनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घर लहान आहे. तुम्हाला चालेल?"

आत्या मुलांना घेऊन जीपने पुढे गेल्या आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं धाकट्या डहाणूला पोचलो. नितीन खालीच बोटीवरच्या कोणा मित्राशी बोलत थांबला. मी गल्लीत शिरले तर एका बाईने मला अडवलं. आत्यांच्या शेजारीण, तारामावशी.

"तू ईशानची आई ना? त्याची ती खोक भरली का? कपाटाला आपटला होता ती?"

"भरली. पण तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्या बंदराला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वनी महिन्याला एकदा येते ती दुसरं बोलते काय? पहिला दात आला तेव्हा तिने साखर वाटली. तुझ्या पोरीने शाळेत मासे विकले, ते तर आता आम्हीच तिला सांगतो."

घर खरंच लहान होतं. एक खोली, एक पडवी, आणि मागच्या दारातून सरळ खाडीत उतरणारा उतार. त्या दाराला माझ्या कमरेइतकं लाकडी फाटक होतं. कडी बाहेरून, हात पोचणार नाही अशी. पट्ट्या इतक्या जवळजवळ की लहान मुलाचं डोकं अडकू नये. ईशान ते धरून उभा होता आणि बोटी बघत होता. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते.

"बरं केलंत, आल्या आल्या हे बसवून घेतलंत," मी म्हटलं.

आत्या मासे साफ करत होत्या. त्यांनी पुढचा मासा उचलला. तारामावशीच म्हणाल्या, "आता कसलं? गणपतीच्या आधी सुताराकडून बसवून घेतलं होतं तिने. आम्ही हसलो. म्हटलं, एकट्या बाईला फाटक कशाला, तू काय रांगत जाणार आहेस खाडीत?"

गणपतीच्या वेळी ईशान नुकता रांगायला लागला होता. इकडे यायचं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. तलासरीहून धाकटी डहाणू काही लांब नाही. पण आमचे रविवार कधी नितीनच्या शिफ्टमध्ये, कधी मुलांच्या तापात, कधी नुसत्या कपडे धुण्यात जायचे. आत्यांनी कधी 'या' म्हटलं नव्हतं.

मी फाटकावरून हात फिरवला. लाकूड गुळगुळीत घासलेलं होतं, पण तसंच कोरं.

"रंग नाही दिला, आत्या?"

"मुक्ताला विचारायचं होतं कुठला देऊ," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "पण विचारलं असतं तर पोर तुमच्या मागे लागली असती, कधी जायचं, कधी जायचं. तुम्हाला कुठे सवड होती?"

मग त्यांनी ओला हात झटकला आणि मुक्ताला जवळ बोलावून विचारलं. मुक्ताने बराच विचार करून जांभळा सांगितला.

"जांभळा," आत्या म्हणाल्या. त्यांनी त्या कोऱ्या फाटकाकडे एकदा बघितलं. "चांगला दिसेल."