हरबाजींच्या शंका आणि चांदवीचं पाडस

मांडी घालून बसा पाहू, बाळांनो. आपण खरंच बसलोय की नुसतं तसं वाटतंय, अशी शंका कुणाला येत असेल तर त्याने शेजाऱ्याला चिमटा काढावा. झालं? ऐका आता.

एका जंगलात, जिथे साग दाट होते आणि शहाणे त्याहून दाट, चांदवी नावाची एक चितळी राहायची. तिला नुकतंच पाडस झालं होतं. त्याचे पाय उभं राहतानाही लटपटायचे. पळायला गेलं की दर चार उड्यांनी तोंडावर पडायचं.

त्या जंगलात वानरांचा आणि चितळांचा जुना व्यवहार होता. वानरांनी झाडावर बसून कोवळी पानं खायची आणि निम्मी खाली टाकायची. ती चितळांनी खायची. वाघ दिसला की वानराने वरून 'खॅक' करायचं. खॅक ऐकू आलं की चितळं पसार. का, कशाला, कुणी विचारत नसे.

चांदवीच्या कळपाचे वानर म्हणजे हरबाजी लांबशेपटे. नजर तेज, घसा खणखणीत. पण एकदा वाळक्या गवतात ऊन-सावलीचे पट्टे हलले आणि हरबाजींनी खॅक केलं. कळप जीव मुठीत धरून पळाला. वाघ नव्हताच. एक मोर फिस्सकन हसला. हरबाजींना ते फार लागलं.

त्यांनी डॉ. घुत्कारे यांच्या वर्गात नाव घातलं. हे डॉक्टर म्हणजे घुबड. मोहाच्या ढोलीत तिन्हीसांजेला 'तत्त्वज्ञानाची तोंडओळख' शिकवायचे. दिवसा त्यांना काही दिसत नसे, त्यामुळे 'दिसणं' या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा मानत.

पहिला धडा ज्ञानाचा. "वाघ दिसणं वेगळं आणि वाघ असणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. हरबाजींच्या अंगावर काटा आला. म्हणजे इतकी वर्षं आपण नुसतं दिसलं म्हणून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी वरून खॅक आलंच नाही. आवाज आला, "मंडळी, मला पट्ट्यांसारखं काहीतरी दिसत असल्याचं भासतंय."

"मग पळायचं का?" चितळांनी खालून विचारलं.

"ते मी कसं सांगू? भास माझा आहे."

चितळं विचारात पडली. तेवढ्यात भास झुडपातून बाहेर आला. चांदवीने पाडसाला ढुशी मारून नाल्यात लोटलं म्हणून ते वाचलं. वाघाच्या पंजात त्याच्या शेपटीचे केस तेवढे राहिले.

चांदवी झाडाखाली आली. तिला भीती वाटत होती आणि संतापही आला होता. पण गरज तिची, म्हणून ती गोडच बोलली. "भाऊजी, तुम्ही शिकताय, चांगलंच आहे. पण माझ्या लेकराला अजून पळता येत नाही हो. त्याला जरा आधी कळायला हवं. तुम्ही आपलं पहिल्यासारखं खॅक करा. चुकलं तर चुकलं. फुकट पळालं म्हणून कुणी मरत नाही."

"वहिनी, खात्री नसताना खॅक करणं म्हणजे अप्रामाणिकपणा," हरबाजी म्हणाले आणि त्यांनी एक कोवळं पान खुडलं.

"मग काय देवावर हवाला ठेवू?"

"तो दुसरा धडा. देव दयाळू म्हणावा, तर वाघ कुणी केला? देव नाहीच म्हणावं, तर इतकी कोवळी पानं कुणी केली? विचार चालू आहे."

"तोवर पाडसाचं काय?"

"ते तिसऱ्या धड्यात. 'मी म्हणजे कोण?' कालचं पाडस तेच आजचं पाडस का, इथून सुरुवात आहे. कालचं वजन वेगळं, आजचं वेगळं. मग उद्या वाघाने खाल्लं, तर नेमकं कुणाला खाल्लं?"

चांदवीला रडू फुटलं. "मला," ती म्हणाली.

हरबाजींनी हे उत्तर मनातल्या मनात तपासलं आणि त्यात व्याख्येची चूक काढली.

त्यानंतर चांदवीचं चरणं सुटल्यातच जमा झालं. एक घास घ्यायची आणि दहादा मान वर करायची. तिचं दूध आटायला लागलं. पाडस भुकेने ढुशा देत राहायचं.

आणि एका दुपारी, तिसरा धडा पुरा व्हायच्या आतच, हरबाजींच्या झाडाच्या बुंध्याशी पिवळ्या अंगावरचे काळे ठिपके हलले.

"खॅक! खॅक! खॅक!"

असलं खॅक त्या जंगलाने कधी ऐकलं नव्हतं. कळप उधळला. पाडसाला भरपूर वेळ मिळाला. वाटेत पडलं, उठलं, पुन्हा पडलं, तरी आईबरोबर पलीकडच्या माळावर पोचलं.

ऊन उतरल्यावर चांदवी परत आली. हरबाजी अगदी शेंड्यावर धापा टाकत बसले होते.

"भाऊजी, आज एवढी खात्री कशी काय झाली?"

"बिबट्या होता, वहिनी."

"पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं ना?"

हरबाजींनी आधी डॉक्टरांच्या ढोलीकडे पाहिलं, मग बुंध्याकडे. "वाघाच्या बाबतीत वेगळं," ते हळूच म्हणाले. "बिबट्या झाडावर चढतो."

तेव्हापासून पिवळं काहीही हललं की हरबाजी आधी ओरडतात आणि ठिपके की पट्टे ते मागाहून बघतात. चांदवी पोटभर चरते. देव आहे की नाही, या वादात ती पडत नाही. रोज सकाळी पुढचे दोन खूर जुळवते आणि मनापासून मागते, "देवा, बिबट्याला उदंड आयुष्य दे. आणि त्याचं बिऱ्हाड भाऊजींच्याच झाडाखाली राहू दे."

तात्पर्य : शंका हे ज्ञानाचं मूळ आहे. म्हणून शंका जरूर घ्यावी. मात्र घेताना जीव दुसऱ्याचा असावा. स्वतःच्या जिवावर ती नीट येत नाही.