आधी कडी वाजवा

सुभद्रामावशीच्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं असतं, तरी कडी वाजवल्याशिवाय कुणी आत आलेलं तिला चालत नाही. ती दारासमोरच बसलेली असते. आपण तिला दिसतो, ती आपल्याला दिसते. तरी कडी वाजवायची. मग ती आपल्या तोंडाकडे बघत विचारणार, "कोन हाय?"

"मी, मावशी."

"कोनाच्या घरचा?"

"संघटनेकडून आलोय."

"संघटना काई घर असते का बे, पर्चेवाल्या?"

पर्चेवाल्या म्हणजे मी. अकोल्यात ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यांच्यासाठी मी पत्रकं लिहितो आणि चौकाचौकात वाटतो. एकदा बोलण्याच्या नादात थेट आत शिरलो, तर तिनं मला बाहेर काढलं, कडी वाजवायला लावली, आणि तंबाखू मळत म्हणाली, "आज टाइम नाई. उद्या ये."

ज्यांना ही नुसती गंमत वाटते, त्यांनी जरा ऐकून घ्यावं. ही बाई कित्येक वर्षं पुलाखाली झोपली. तिथं माणसाला उठवायला कुणी कडी वाजवत नाही, काठीनं ढोसतात. रात्रनिवाऱ्यात गेली, तर सकाळी बोचकं उचलून पुन्हा रस्त्यावर. वर शहाण्यांचे सल्ले: आधी तंबाखू सोड, आधी सुधार, मग खोलीचं बघू. अहो, तुम्हाला घर भाड्यानं देताना कुणी तुमची तंबाखू सोडवली होती का? आमचं म्हणणं सरळ आहे. आधी खोली, बाकीचं मागून. म्हणून जुन्या शहरातल्या एका चाळीत आम्ही सहा खोल्या घेतल्या. दर आठवड्याला एक नर्सताई येते, बीपी बघते, गोळ्या देते. तीही कडी वाजवते.

खोली दाखवली तेव्हा मावशीनं पंखा पाहिला नाही, नळ पाहिला नाही. दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कडी कुठी हाय?" दाराला नुसता बोल्ट होता. दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याकडून जुनी लोखंडी कडी घेऊन आली. ठोकली मी. वाकडी ठोकली, हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आणि मग मे महिन्यात शेठ आले. अमरावतीचे. या खोल्यांचं भाडं तेच भरतात, आणि पुढं भरायचं की नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवणार होते. 'नाही' म्हणाले असते, तर मावशी पुन्हा पुलाखाली. मी सकाळीच तिला हात जोडले. "मावशी, आजच्या दिवस कडीचं राहू दे."

"पाहू."

शेठ सरळ उंबरठा ओलांडून आत. "काय आजी, झोप लागते ना आता?"

"बाहीर."

"अं?"

"बाहीर व्हा. आंधी कडी वाजवा."

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, आणि शेठच्या डोक्यावर केस नाहीत. शेठ बाहेर आले. कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी या खोल्यांचं भाडं देतो."

"म्या ते नाई इचारलं. कोनाच्या घरचे?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "पुंडलिकरावांचा मोठा. घर आमचं मूर्तिजापूरचं."

"मंग असं सांगा ना भाऊ! या, बसा. उनाचे आले, पानी घ्या."

शेठ बसले. पाणी प्याले, चहा प्याले, मूर्तिजापूरच्या गप्पा झाल्या. पण गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "कळवतो."

मी मावशीवर धुसफुसत राहिलो. तिला काहीच नाही. "पाव्हना चांगला होता. मानसात वाढलेला," म्हणे.

शेवटी एका दुपारी फोन आला. "भाडं चालू राहील. आणि त्या बाईंना सांगा, पुंडलिकरावांचा मोठा परत येणार आहे."

मी सायकल काढली आणि चाळ गाठली. मावशी बाहेर उभी होती, माझ्याकडे पाठ करून. दार चक्क लावलेलं. तिनं कडी वाजवली. थांबली. मग स्वतःच म्हणाली, "कोन हाय?"

"मी, सुभद्रा."

"कोनाच्या घरची?"

उत्तराऐवजी तिनं कडीवरून हात फिरवला. मग दार ढकललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

भाड्याची बातमी माझ्या तोंडातच राहिली. मी सायकल भिंतीला लावली आणि ती वाकडी कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी."

"कोनाच्या घरचा?"

"तुझ्याच."

आतून कपबशीचा आवाज आला.

"मंग उशीर कावून केला बे? चाय थंडी होऊन राहिली."