सांडपाण्याचा तुटवडा

मक्यापासून इंधन बनवणाऱ्या कारखान्यात एका सोमवारी सांडपाणी संपले. बाब गंभीर होती, आणि तिला सर्वस्वी जबाबदार होत्या पडदेवाल्या बाई.

बाई तिथल्या इंजिनिअर. मका आंबवून इंधन काढल्यावर उरणारे आंबूस पाणी त्यांनी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळले, निवळ पाणी पुन्हा आंबवणीच्या टाकीत घेतले आणि गाळ वाळवून गुरांच्या खाद्याला दिला. मागचा नाला कोरडा पडला. त्याच्या काठी बाईंची धाकटी बहीण राहायची. तिच्या तान्ह्या लेकीच्या अंगावरचे पुरळ जन्मापासून पहिल्यांदाच गेले, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणे झाले.

तेवढ्यात सरकारी तपासनीस साहेब बाटली घेऊन आले.

"सांडपाण्याचा नमुना द्या."

"सांडपाणी होतच नाही आता, साहेब."

"तुम्हाला परवानगी आहे ती सांडपाणी कमी करायची. संपवायची कुणी दिली?"

कुणीच दिली नव्हती. नमुना नाही म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे परवाना नाही. मॅनेजरच्या तोंडचे पाणी पळाले. त्या दिवशी कारखान्यातून बाहेर गेलेले पाणी तेवढेच.

"बाई, सोडा की दोन बादल्या नाल्यात. शास्त्रापुरत्या!" तो म्हणाला.

सोडल्या. साहेबांनी बाटली उजेडात धरली. "हे तर चक्क स्वच्छ आहे! चांगलं पाणी नाल्यात ओतता? दंड होईल."

मग त्यात गाळ कालवला. तरी मोजणीचे यंत्र हलेना, त्याला वाहती धार लागायची. मॅनेजर न गाळलेले पाणी नाल्यात सोडणारा जुना पाइप उघडायला निघाला.

"अहो, माझी भाची राहते खाली!" बाई कळवळल्या.

"तुमची भाची ती आमचीही भाचीच. पण परवाना गेला तर कारखाना बंद. मग तुमचे पडदे काय खिडक्यांना लावायचे?"

पाइप उघडला, यंत्र हलले, साहेब हसले. पुढच्या महिन्यात तोच पाइप अर्धा बंद केला. सांडपाणी निम्म्यावर आल्याचे सिद्ध झाले आणि कारखान्याला जलबचतीचा पुरस्कार जाहीर झाला.

समारंभात बाईंचा फोन वाजला.

"ताई, नाल्याला परत वास सुटलाय गं. पोरीच्या अंगावर पुन्हा पुरळ उठलंय."

"बघते हं," बाई कुजबुजल्या. लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण मंचावरून बोलावणे आले होते, आणि सन्मानचिन्ह दोन्ही हातांनी घ्यायचे असते. त्यांनी फोन बंद केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हीही वाजवल्या असत्या. नाल्याच्या वरच्या अंगाला राहणारे सगळेच वाजवत होते.