भिंतींसकट

आमच्या स्टुडिओतल्या कंप्युटरच्या हार्ड डिस्कची मी तीन भागांत वाटणी केली, मध्ये भिंती घातल्या, त्या दिवसापासून सी, डी आणि ई या तिघा भावांनी चुली वेगळ्या मांडल्या.

थोरल्या सीकडे कंप्युटर चालू करायचं काम. डीकडे गावातल्या एकोणीस वर्षांच्या लग्नांचे फोटो. धाकट्या ईकडे उरलेसुरले: डोळे मिटलेले, हललेले, कुणी न नेलेले.

पाडव्यानंतर डिस्क टकटक करू लागली. तिच्या हातात जेमतेम आठवडा होता. त्याआधी सगळं नव्या डिस्कवर न्यायला बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय सॉफ्टवेअर घरात पाऊल ठेवत नाही. एकमत झालं नाही तर एकोणीस वर्षं जाणार होती.

"जालन्याहून इंजिनिअर बोलावू का?" आमचे मालक वाघचौरे आण्णा म्हणाले. "तू पडला आठवी सोडलेला."

"वाटणी मी केलीय आण्णा. पंच मीच," मी म्हणालो.

सोमवारी अकरा वाजता दोन सॉफ्टवेअर आली. मी त्यांना स्क्रीनवर शेजारी शेजारी बसवलं.

पहिलं म्हणालं, "मी फक्त फायली नेतो. झटपट. भिंती मागेच राहतात."

"हेच बरं," डी म्हणाला. "जमलं तर धाकट्याची अडगळही राहू दे."

"दादा, याला सांगा काहीतरी," ई म्हणाला.

"गप्प बसा दोघं. माझ्याशिवाय तुमचा दिवस उजाडत नाही," सी म्हणाला.

"फार उजेड पाडता! मागच्या आठवड्यात तीनदा बंद पडलात," डी म्हणाला.

दुसरं सॉफ्टवेअर हळू बोलायचं. "मी घर आहे तसं उचलतो. भिंती, रिकामी जागा, सगळं. सहा तास लागतात. तोवर कुणी हलायचं नाही."

"सहा तास!" डी ओरडला. मग तिघं एकदमच बोलू लागले. टकटक वाढली.

मी घसा साफ केला. "आमच्याकडे शेताची वाटणी होते तेव्हा वाटे थोरला पाडतो, पण पहिला वाटा धाकटा उचलतो. इथंही धाकट्यानं आधी निवडायचं."

टकटक थोडी कमी झाली.

"रीत आहे खरी," सी म्हणाला. डीनं नुसता पंखा जोरात फिरवला.

"दुसरं," ई म्हणाला.

"का रे?" मी विचारलं.

"भिंती गेल्या तर या दोघांच्या पसाऱ्यात मला कोण शोधणार?"

दोघांनीही होकार दिला. सहा तास कुणी हललं नाही.

गुरुवारी डिस्क थांबली. शुक्रवारी नव्या डिस्कवर तिघं आपापल्या खोलीत उठले. एकही फोटो गेला नव्हता. इंजिनिअरचा विषय आण्णांनी पुन्हा काढला नाही. येईल त्या गिऱ्हाईकाला ते सांगत होते, "पंच आमच्याकडेच असतो." मी मान खाली घालून फोटो कापत होतो, पण ऐकत होतो.

शनिवारी डीनं विचारलं, "पंच, मधल्या भिंतीला एक खिळा ठोकू का?"

"कशाला?"

"तुमचा फोटो लावायचाय. धाकट्याकडे एक निघाला. डोळे मिटलेत, पण चांगला आहे."

मी परवानगी दिली. हार घालू नका, एवढंच सांगितलं.