छान म्हणजे ब्रेक

"माझ्या हाताखाली शिकलेला माणूस डोळे मिटून गाडी चालवेल!" असं मास्तर छाती फुगवून सांगायचे, तेव्हा त्यांची बायको म्हणायची, "तीच तर भीती आहे."

पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं? मास्तरांचा ड्रायव्हिंगचा वर्ग एकखांबी होता. एक गाडी, एक मास्तर, आणि शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. अठरा वर्षं त्या ब्रेकवर संसार चालला होता. अशा माणसाला परवाना कचेरीचं पत्र आलं, की मागची तुकडी झाडून सगळी नापास! पुढच्या तुकडीतले निदान दोघं पास झाले नाहीत, तर वर्गाला कुलूप. खाली इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा होता : 'प्रत्येक परीक्षार्थी ब्रेक दाबण्याआधी "मेलो!" असं ओरडतो. कारण कळत नाही.'

"कुठून शिकतात ही माणसं असलं काहीतरी?" मास्तर कडाडले.

"तुमच्याकडून!" बायको म्हणाली.

"मी कधी ओरडलो?"

"दर वळणावर! आधी 'मेलो!', मग ब्रेक. त्या बिचाऱ्यांना वाटतं, गाडी थांबवायची रीतच अशी आहे."

मास्तर मटकन खाली बसले. अठरा वर्षं आपण काय शिकवत आलो हे आपल्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं!

नव्या तुकडीत दोनच डोकी होती, एक न्हावी आणि एक निवृत्त हेडमास्तरीणबाई. तुकडीला तीन लागतात. "माझं नाव लिहा," बायको म्हणाली. "वर्ग बुडाला तर तुम्ही दिवसभर घरी बसाल. ते मला झेपायचं नाही."

मास्तर रात्रभर तळमळले आणि सकाळी उठले ते युक्ती घेऊनच. तोंडावर ताबा नाही ना राहत? मग तोंडातून चांगलंच काहीतरी काढायचं! त्या दिवसापासून न्हावी भाजीच्या गाडीवर चालून गेला की मास्तर दात आवळून म्हणायचे, "छान!" आणि ब्रेक दाबायचे. बाई फुटपाथवर चढल्या की, "छान!" आणि ब्रेक. महिनाभर त्यांच्या तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही. चौथ्या आठवड्यात तर चमत्कार झाला. मास्तरांनी नुसतं "छान!" म्हणावं आणि त्यांचा पाय हलायच्या आत चालवणाऱ्याने ब्रेक दाबावा!

"बघितलंस? कौतुकाने माणूस कसा घडतो!" मास्तर घरी येऊन म्हणाले.

बायको भांडी लावत होती. "हं," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभे राहिले. गाडीतला त्यांचा ब्रेक नियमाप्रमाणे काढून ठेवला होता. पहिला नंबर बायकोचा. तिने गाडी अशी वळवली, अशी मागे घेतली, की इन्स्पेक्टरसाहेब उघड्या खिडकीतून ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "छान!" कुंपणाबाहेर मास्तरांचा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. पण गाडी थांबली नाही. ती पांढऱ्या रेषेपाशी जाऊन, जिथे थांबायचं तिथेच थांबली. पास! आता फक्त एक हवा होता.

दुसरा न्हावी. हात सरावलेला, नजर तीक्ष्ण. मैदानाच्या मधोमध, चांगल्या वेगात, साहेब खूश होऊन म्हणाले, "छान!"

कच्चकन ब्रेक! साहेबांचं कपाळ समोरच्या काचेवर.

"अहो, काय झालं?"

"तुम्हीच छान म्हणालात ना, साहेब?"

"म्हणजे काय करायचं असतं?"

"थांबायचं!" न्हावी निरागसपणे म्हणाला.

साहेब कपाळावरचं टेंगूळ चोळत उतरले, कागदावर भली मोठी फुली मारली आणि डोक्यावर पाणी मारायला नळाकडे गेले. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. आता उरल्या बाई! आयुष्यभर हजेरीपटासारख्या शिस्तीत वागलेल्या. सांगितलेला शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत. अठरा वर्षांचा वर्ग, दाराची पाटी, त्यांचा तो ब्रेक, सगळं या एका बाईंच्या पायावर येऊन ठेपलं होतं. मास्तर कुंपणावरून वाकले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, पाया पडतो! साहेब कितीही छान म्हणाले, तरी ब्रेक दाबू नका. अजिबात दाबू नका!"

"समजलं," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

साहेब परत आले. टेंगळाने शहाणे झालेले साहेब आता तोंड उघडायला तयार नव्हते. बाईंनी गाडी काढली. वळण सुरेख घेतलं. मग पांढरी रेषा आली. रेषा गेली. पुढे वाळूच्या पोत्यांची भिंत येत होती आणि बाई ताठ बसून सरळ समोर बघत होत्या.

"बाई, ब्रेक!" साहेब ओरडले.

"नाही!" बाई म्हणाल्या.

"ब्रेक दाबा हो!" कुंपणाबाहेरून मास्तर गाडीबरोबर धावत सुटले.

"मला मोहात पाडू नका, मास्तर!" बाईंनी खिडकीतून ठणकावलं.

धप्प! दोन पोती फुटली. गाडी वाळूत नाक खुपसून बंद पडली. कुणाला खरचटलंही नाही, पण साहेब बराच वेळ उतरलेच नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "का नाही दाबलात?"

"मास्तरांनी बजावलं होतं," बाई म्हणाल्या. "ब्रेक अजिबात दाबायचा नाही!"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. तिथेच बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी वर्गाचा परवाना रद्द केला.

परतताना बायकोने गाडी चालवली. मास्तर शेजारी बसले होते, गालफडं बसलेली, डोळे कोरडे. रडायलाही उसनं अवसान लागतं, तेही संपलं होतं. या हातांना दुसरं काही येत नव्हतं. ते म्हणाले, "तू कशी गं नाही थांबलीस? साहेब छान म्हणाले होते."

"म्हणाले का?" बायको म्हणाली. "मी ऐकलंच नाही. गाडीत बसले की कान आपोआप मिटतात माझे. लग्नापासूनची, बावीस वर्षांची सवय आहे."

"मग शिकलीस कुणाकडून?"

"तुमच्याकडूनच की. तुमच्या पायांकडे बघत होते. कधी दाबता, किती हळू सोडता. पाय फार हुशार आहेत तुमचे."

अठरा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांना तिला खूप काही सांगायचं होतं. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं.

तिने हात पुढे करून रेडिओ लावला.